व्हॉल्व्हची ऊब खरी किती?

(नभोवाणीवरील भाषणाचं संपादित रूप)

मंडळी, मुंबईत ‘ट्यूब’ म्हटलं की डोळ्यांपुढे छताखालची पांढरी नळी येते. एखाद्याला गोष्ट उशिरा कळली की आपण म्हणतो, ‘याची ट्यूब आत्ता पेटली.’ मी आज जिच्याबद्दल बोलणार आहे ती ट्यूब वेगळी. जुन्या रेडिओत असायची ती. आपल्याकडे तिला ट्यूब कुणी म्हणत नसे, व्हॉल्व्ह म्हणत. ‘व्हॉल्व्हचा रेडिओ’ हा शब्द घरातल्या मोठ्यांच्या तोंडून तुम्ही नक्की ऐकला असेल. हा व्हॉल्व्ह गेली काही वर्षं पुन्हा घरांत शिरतो आहे. रेडिओतून नव्हे, तर ‘ट्यूब बफर’ नावाच्या एका छोट्या डबीतून. मोबाइल किंवा सीडी प्लेअर एका बाजूला, अॅम्प्लिफायर दुसऱ्या बाजूला आणि मध्ये ही डबी. विकणारे सांगतात की यातून गेलेल्या आवाजाला ऊब येते, गोलाई येते.

आमच्या घरी ही डबी आली ती माझ्या वडिलांमुळे. आम्ही त्यांना अण्णा म्हणतो. वय वर्षं शहाऐंशी. मुलुंडला राहतो आम्ही. ठाण्याला मर्फी रेडिओचा कारखाना होता, मुलुंडहून पुढचंच स्टेशन. अण्णांची उमेदीची वर्षं तिथे व्हॉल्व्हच्या रेडिओंचं वायरिंग करण्यात गेली. मर्फीच्या कॅलेंडरवरचं ते तोंडाला बोट लावलेलं गोड बाळ अनेकांना आठवत असेल. आमच्या घरात त्या बाळापेक्षा रेडिओच्या पोटातल्या गोष्टींची चर्चा जास्त व्हायची.

गेल्या दिवाळीनंतर मी हॉलमध्ये नवे स्पीकर आणले. अण्णांसाठीच आणले, खरं तर. आई गेल्यापासून त्यांची संध्याकाळ गाण्यांवरच चालते. त्यांनी दोन गाणी ऐकली, तिसऱ्याला हात वर केला आणि म्हणाले, ‘‘आवाज स्वच्छ आहे रे, पण टोचतो.’’ दुसऱ्या दिवशी लावलंच नाही. तिसऱ्या दिवशीही नाही. आठवडाभरात ते संध्याकाळी नुसते खिडकीत बसू लागले, तेव्हा मला ते स्पीकर डोळ्यांसमोर नकोसे झाले.

मी आयुष्यभर शाळेत विज्ञान शिकवलं. त्यामुळे ‘टोचतो’ या शब्दावर काहीतरी उपाय असणारच, असं माझ्या डोक्यात बसलं. बोरिवलीचा एक मित्र या छंदातला. तो म्हणाला, ‘‘अरे, ट्यूब बफर लाव. अण्णांना त्यांचा जुना आवाज परत मिळेल.’’

आता बफर म्हणजे काय ते आधी बघू.

आपल्या इमारतींच्या पाण्याचं उदाहरण घ्या. पालिकेच्या पाइपाला पाणी असतं, पण जोर नसतो. त्यालाच थेट वीस नळ जोडले तर कुणालाच धड पाणी मिळणार नाही. म्हणून खाली टाकी असते. ती पालिकेच्या पाइपातून सावकाश पाणी घेते. मग ते पंपाने गच्चीवर चढतं आणि तिथून सगळ्या घरांना जोराने मिळतं. म्हणजे एका बाजूला हळूच घ्यायचं आणि दुसऱ्या बाजूला मुबलक द्यायचं. बफर तेच काम विजेच्या बाबतीत करतो. ज्याच्याकडून संकेत घ्यायचा त्याच्यावर भार टाकायचा नाही, आणि ज्याला द्यायचा त्याला हात आखडून द्यायचा नाही. या ‘भारा’ला आणि ‘हात आखडण्या’ला विजेच्या भाषेत इम्पीडन्स म्हणतात आणि तो ओहममध्ये मोजतात. चांगल्या बफरचा घेण्याकडचा इम्पीडन्स मोठा, काही लाख ओहम. देण्याकडचा लहान, काहीशे ओहम किंवा त्याहूनही कमी.

हे काम व्हॉल्व्ह कसा करतो? एडिसनच्या दिव्यात जे दिसलं होतं ते फ्लेमिंगने १९०४ मध्ये कामाला लावलं आणि दोन टोकांचा व्हॉल्व्ह केला. ली डी फॉरेस्टने १९०६ मध्ये त्यात तिसरं टोक घातलं. निर्वात काचेच्या आत मध्यभागी एक तापलेली नळी, ती कॅथोड. ती तापली की तिच्यातून इलेक्ट्रॉन सुटतात. बाहेरून धातूचं कवच, तो अॅनोड. त्याला दोन-अडीचशे व्होल्टचा धन दाब दिला की इलेक्ट्रॉन तिकडे धावतात. आणि दोघांच्या मध्ये बारीक तारेची जाळी, ती ग्रिड. या जाळीवरचा दाब किंचित बदलला की इलेक्ट्रॉनांचा प्रवाह पुष्कळ बदलतो. गाण्याचा संकेत या जाळीवर द्यायचा.

नेहमीच्या अॅम्प्लिफायरमध्ये मोठा झालेला संकेत अॅनोडवरून काढून घेतात. बफरमध्ये तो कॅथोडवरून घेतात. त्यामुळे एक गंमत होते. जाळीवरचा दाब वर गेला की कॅथोडही तेवढाच वर जातो, खाली आला की तोही खाली येतो. म्हणून या जोडणीला ‘कॅथोड फॉलोअर’ म्हणतात. कीर्तनात किंवा पोवाड्यात झीलकरी असतात ना, तसा हा. शाहिराने म्हटलेली ओळ उचलायची, आपलं पदरचं काही घालायचं नाही, फक्त स्वतःच्या छातीच्या जोरावर ती मांडवाच्या टोकापर्यंत पोचवायची. या झीलकऱ्याचा आवाज मूळ आवाजापेक्षा मोठा कधीच नसतो, उलट जरासा लहानच असतो. एकास साधारण नऊ दशांश. पण त्याला दम असतो.

आणि इथेच पहिली अडचण आहे, जी जाहिरातीत सांगत नाहीत. कॅथोड फॉलोअरमध्ये बाहेर पडणारा सगळाच्या सगळा संकेत परत आत वजा होत असतो. त्यामुळे व्हॉल्व्ह स्वतःहून आवाजात जी भर घालतो, ती या जोडणीत सर्वात कमी होते. म्हणजे व्हॉल्व्हची ‘ऊब’ हवी म्हणून लोक जी डबी विकत घेतात, तिच्यात व्हॉल्व्ह सर्वात निर्विकारपणे काम करत असतो. आहे की नाही मजा!

ऊब म्हणजे नेमकं काय, हेही सांगायला हवं. तुम्ही तानपुरा नीट ऐकला असेल तर हे लगेच समजेल. तानपुऱ्याची षड्जाची तार छेडली की नुसता षड्ज येत नाही. त्याच्या दुप्पट कंपनांचा तार षड्ज येतो, तिप्पट कंपनांचा पंचम येतो, चौपटीचा आणखी वरचा षड्ज आणि पाचपटीचा गंधार. यालाच गवई स्वयंभू गंधार म्हणतात. हे उपस्वर उठून दिसावेत म्हणून मिरजेचे कारागीर तानपुऱ्याच्या घोडीवर किती कष्ट घेतात! तारेखाली दोरा सरकवून जवारी लावतात. नुसत्या शास्त्राच्या नजरेने पाहिलं तर जवारी ही विकृतीच आहे. साधी तार जे देणार नाही ते ती त्या आवाजात मिसळते. पण तीच नसली तर तानपुरा मुका वाटतो.

व्हॉल्व्हचंही काहीसं असंच. तो साध्या जोडणीत चालवला तर मुख्यतः दुसरा उपस्वर घालतो, म्हणजे त्याच स्वराचा वरचा षड्ज. तो मूळ स्वराशी इतका जुळतो की कानाला खटकत नाही, उलट आवाज भरल्यासारखा वाटतो. हे खरं आहे. पण किती घालतो हा प्रश्न आहे. गाणं चालू असताना दुसरा उपस्वर एखाद्या टक्क्याइतका असला तरी तो वेगळा ओळखणं कठीण, आणि नीट बांधलेला कॅथोड फॉलोअर घरच्या आवाजाला त्याच्या कितीतरी खाली असतो.

हे सगळं मला पुस्तकी माहीत होतं. तरीही मी डबी मागवली. वडील खिडकीत बसलेले दिसत असले की पुस्तकं बाजूला राहतात.

पहिली डबी ऑनलाइन मागवलेली, दोन हजारांच्या आतली. दिसायला देखणी. दोन छोटे व्हॉल्व्ह वर उभे आणि त्यांच्यात नारिंगी प्रकाश. अण्णांनी ती हातात घेतली, चष्मा कपाळावर चढवला, व्हॉल्व्हच्या बुडाशी पाहिलं आणि हसायलाच लागले. ‘‘अरे, याच्या खाली दिवा लावलाय!’’ खरोखरच, सॉकेटच्या मध्यभागी नारिंगी एलईडी बसवलेला होता. व्हॉल्व्हचा स्वतःचा तंतू इतका उजळत नाही; तो मंद तांबूस दिसतो, तोही दिवा मालवल्यावर. मग अण्णांनी दुसरी परीक्षा घेतली. गाणं चालू ठेवून त्यांनी एक व्हॉल्व्ह उपटला. गाणं चालूच राहिलं! आत एक छोटी चिप होती, काम ती करत होती. व्हॉल्व्ह बिचारा देव्हाऱ्यातल्या समईसारखा शोभेला. सगळ्या स्वस्त डब्या अशाच असतात असं मी म्हणणार नाही. पण बारा व्होल्टच्या अडॅप्टरवर चालणाऱ्या बऱ्याच डब्यांत व्हॉल्व्हला मिळायला हवा त्याच्या कितीतरी कमी दाब मिळतो. अशा उपाशी व्हॉल्व्हचा आवाज बदलतो खरा, पण त्याला ऊब म्हणावं की धाप, हे ज्याचं त्याने ठरवावं. (ही व्हॉल्व्ह उपटायची परीक्षा तुम्ही करू नका. ती का करायची नाही ते पुढे येईलच.)

त्या संध्याकाळी अण्णांना मी कित्येक दिवसांनी हसताना पाहिलं. म्हणून मग ठरवलं, खरा बफर घरीच बांधायचा. अण्णा सांगतील, माझी मुलगी डाग देईल. अण्णांचा हात आता थरथरतो.

सामानासाठी लॅमिंग्टन रोडला गेलो. पाटीवर त्याचं नाव डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग असं आहे, पण रेझिस्टर-कपॅसिटर घ्यायला जाणारा माणूस लॅमिंग्टन रोडलाच जातो. ट्रान्सफॉर्मर ऑर्डर देऊन गुंडाळून घेतला. एक १८० व्होल्टची गुंडाळी आणि एक ६.३ व्होल्टची. १८० व्होल्ट एसीचं डीसी केलं की साधारण अडीचशे व्होल्ट मिळतात. व्हॉल्व्ह घेतला ईसीसी ८२, ज्याला अमेरिकन नाव १२एयू७. एकाच काचेत दोन ट्रायोड, म्हणजे डाव्या-उजव्या दोन्ही बाजूंना एकच व्हॉल्व्ह पुरतो. अण्णांना तो भारतीय हवा होता. त्यांच्या ट्रंकेत वर्तमानपत्रात गुंडाळलेले बीईएलचे दोन-तीन व्हॉल्व्ह अजून आहेत, पण ते या कामाचे नाहीत. बंगळूरला १९५४ मध्ये भारत इलेक्ट्रॉनिक्सची स्थापना झाली आणि साठच्या दशकात ती रेडिओचे व्हॉल्व्ह इथेच बनवू लागली. ते उत्पादन थांबून जमाना झाला. आज नवे व्हॉल्व्ह मुख्यतः रशिया, स्लोव्हाकिया आणि चीन इथून येतात. आम्हाला रशियन मिळाला. अण्णांनी तो कानाजवळ हलवून पाहिला, काचेच्या टोकाची रुपेरी झाक तपासली (ती पांढरी पडली असेल तर आत हवा शिरली असं समजायचं) आणि पसंती दिली.

बांधताना अण्णांनी मुलीकडून एक नियम तीनदा म्हणवून घेतला. यंत्र चालू असताना आत काही तपासायचंच असेल तर एक हात खिशात. विजेला शरीरातून जायला एका हातातून आत आणि दुसऱ्यातून बाहेर अशी वाट मिळाली तर ती छातीतून जाते. अडीचशे व्होल्ट डीसी हा खेळ नाही. आणि यंत्र बंद केलं, प्लग काढला, तरी धोका संपत नाही, कारण मोठ्या कपॅसिटरमध्ये वीज साठून राहते. आमच्या बफरमध्ये १०० मायक्रोफॅरडचा कपॅसिटर आहे. त्याच्या दोन टोकांना २२० किलोओहमचा रेझिस्टर कायमचा जोडून ठेवला. दोन्हींचा गुणाकार येतो २२ सेकंद. याच्या पाचपट, म्हणजे दोन मिनिटांच्या आत ती वीज निघून जाते. तरीही मीटर लावून खात्री केल्याशिवाय हात घालायचा नाही. डबी धातूची असावी आणि तिला तीन पिनांच्या प्लगमधून अर्थिंग असावं. आपल्या जुन्या इमारतींत तिसऱ्या भोकाला पुष्कळदा वायरच नसते. ते आधी इलेक्ट्रिशियनकडून पाहून घ्या. ज्यांना हे सगळं नवीन आहे त्यांनी स्वतः बांधण्याच्या भानगडीत पडू नये. यात भित्रेपणा काही नाही.

पहिल्यांदा चालू केल्यावर गाण्यामागे ‘हूंऽऽ’ असा घुमारा आला. तंतूला जाणारी एसी ५० हर्ट्झची. तिच्या तारा सुट्या राहिल्या की तो सूर आवाजात उतरतो. मुलीने त्या दोन तारा वेणीसारख्या पिळून डबीच्या कोपऱ्यातून नेल्या आणि घुमारा बराच गेला. उरलेला ट्रान्सफॉर्मर आडवा फिरवल्यावर गेला.

मग आम्ही गाणी लावली. व्हॉल्व्ह तापायला अर्धा मिनिट लागतो. अण्णा डोळे मिटून बसले. दुसऱ्या कडव्याला म्हणाले, ‘‘आता कसं! आता टोचत नाही.’’ मी खूश. पुस्तकं खोटी पडल्याचा आनंद मास्तराला क्वचितच होतो.

पण घरात तरुण मुलगी असली की असा आनंद फार टिकत नाही. ती म्हणाली, ‘‘आजोबांना न सांगता बदलून बघूया.’’ तिने एक स्विच लावला. एका बाजूला बफरमधून, दुसऱ्या बाजूला थेट. ती सोफ्याच्या मागे बसली, प्रत्येक वेळी नाणं उडवून कोणती बाजू ते ठरवलं आणि कागदावर लिहून ठेवलं. सोळा वेळा. आम्ही दोघांनी आपापल्या कागदावर लिहायचं की आता बफर आहे की नाही. नुसत्या अंदाजाने सोळापैकी बारा किंवा जास्त बरोबर येण्याची शक्यता शंभरात चारहूनही कमी असते. माझे तेरा बरोबर आले, अण्णांचे बारा. मी तिच्याकडे विजयी मुद्रेने पाहिलं.

‘‘बाबा, दोन्हीकडे आवाज सारखा मोठा होता का?’’ तिने विचारलं.

सारखा कसा असेल? झीलकरी एकास नऊ दशांश, हे मी आत्ताच तुम्हाला सांगितलं. आम्ही ४०० हर्ट्झचा एकच सूर लावून स्पीकरच्या टोकांवर मीटरने मोजलं. थेट जोडल्यावर १ व्होल्ट, बफरमधून ०.९. हा फरक एका डेसिबलहून थोडा कमी भरतो. इतका छोटा फरक कानाला ‘हळू’ असा कळत नाही, तो ‘वेगळा’ असा कळतो. मोठा असेल तर ‘उठावदार’ किंवा ‘टोचरा’, लहान असेल तर ‘मऊ’. मग थेट वाटेवर एक छोटा प्रीसेट लावून ती वाटही तेवढीच खाली आणली आणि पुन्हा सोळा वेळा परीक्षा. माझे नऊ बरोबर. अण्णांचे सात. नाण्याने उत्तरं दिली असती तरी एवढीच आली असती.

आम्ही मोबाइलला जोडलेल्या छोट्या डीएसीमधून गाणी वाजवतो. त्याचा देण्याकडचा इम्पीडन्स आधीच कमी आणि अॅम्प्लिफायरपर्यंतची वायर हातभर. तिथे मध्ये टाकीची गरजच नव्हती.

मग बफरचा उपयोग कुणालाच नाही का? आहे. बोरिवलीच्या त्या मित्राचंच उदाहरण घ्या. त्याने खुर्चीजवळ आवाज कमी-जास्त करायची एक साधी डबी ठेवली होती. आत १०० किलोओहमचा पोटेन्शिओमीटर, दुसरं काही नाही. तिथून हॉलला वळसा घालून, दाराच्या चौकटीवरून दहा मीटर वायर अॅम्प्लिफायरला गेली होती. अशा डबीचा इम्पीडन्स सर्वात वाईट जागी २५ किलोओहमपर्यंत जातो. वायरमध्ये दर मीटरला साधारण १०० पिकोफॅरड धरा. दहा मीटरला झाले हजार. हे दोन आकडे सूत्रात घातले की उत्तर येतं सुमारे ६,४०० हर्ट्झ. म्हणजे त्याच्या वरचे स्वर गळायला लागतात. झांज, टाळ, सतारीच्या तारेवरचं नखीचं टोक, ‘स’ आणि ‘श’ यांची धार, सगळं मंदावतं. त्याने डबीला लागूनच बफर बसवला. आता वायरला दिसणारा इम्पीडन्स चारशे-साडेचारशे ओहम, आणि गळती सुरू होते ती साडेतीन लाख हर्ट्झच्या आसपास, जिथे वटवाघळालासुद्धा काही ऐकू येत नाही. त्याच्याकडे पडलेला फरक मी स्वतः ऐकला आणि तो मोठा होता. तो अजून सगळ्यांना सांगतो की व्हॉल्व्हने आवाजाला ऊब आली. आली आहे ती ऊब नव्हे, हरवलेली धार परत आली आहे. पण हे त्याला सांगायला मी अजून गेलेलो नाही.

हेडफोनवाल्यांसाठी एक गोष्ट वेगळी सांगतो, कारण यात पैसे वाया जातात. असला बफर थेट हेडफोनला जोडू नये. बहुतेक हेडफोन ३२ ओहमच्या आसपासचे. चारशे-साडेचारशे ओहमच्या मागून त्यांना जोडलं तर संकेताचा पंधरावा हिस्सा कसाबसा पोचतो, आणि व्हॉल्व्हकडे द्यायला प्रवाहही काही मिलिअँपिअरच असतो. आवाज पिचका येतो, ठेका फुसका होतो. बफर लावायचाच तर मोबाइल आणि हेडफोनचा अॅम्प्लिफायर यांच्या मध्ये.

पण आमच्या घरातला प्रश्न सुटला नव्हता. बफर असो नसो, आवाज थोडा वर नेला की अण्णांना टोचतच होतं, आणि खाली आणला की शब्द कळत नव्हते. मी त्यांना विचारलं, ‘‘तुम्हाला तो मर्फीचा आवाज आठवत असेल ना? तसा का होत नाही हा?’’

तेव्हा त्यांनी जे सांगितलं ते मला आधीच सुचायला हवं होतं. ‘‘अरे, तो आवाज व्हॉल्व्हचा कुठे होता? तो स्टेशनचा होता आणि लाकडी खोक्याचा होता.’’ मीडियम वेव्हवर दोन केंद्रांमध्ये अंतर असतं ९ किलोहर्ट्झ. त्यामुळे रेडिओ वरचे स्वर मुद्दाम कापून टाकतो, साडेचार-पाच हजार हर्ट्झच्या पुढचं फारसं येऊच देत नाही. विविध भारती १९५७ मध्ये सुरू झाली आणि त्याआधी १९५२ पासून रेडिओ सिलोनवर अमीन सायानींची बिनाका गीतमाला होती. ती सगळी गाणी आपल्या आईवडिलांनी अशी वरून कापलेली, मोठ्या लाकडी पेटीत घुमलेली आणि टोनचं बटण आणखी डावीकडे फिरवलेली ऐकली. जिला आपण व्हॉल्व्हची ऊब म्हणतो तिच्यात पुष्कळसा भाग याचा आहे. व्हॉल्व्ह जाऊन ट्रान्झिस्टर आला तेव्हा लाकडाचं खोकंही गेलं, मोठा स्पीकरही गेला. दोष मात्र एकट्या ट्रान्झिस्टरच्या माथी आला.

थोडं थांबून अण्णा म्हणाले, ‘‘आणि माझे कान तरी तेच कुठे आहेत?’’

हे वाक्य मी गेली दोन-तीन वर्षं टाळत होतो. दाराची बेल त्यांना ऐकू येत नाही, फोनवर ते ‘हो हो’ म्हणतात आणि काहीच कळलेलं नसतं, हे मला दिसत होतं. स्पीकर बदलणं सोपं होतं, बफर बांधणं तर आनंदाचं होतं. वडिलांना ‘तुम्हाला कमी ऐकू येतं’ असं म्हणणं अवघड होतं, आणि त्यांनाही ते माझ्या तोंडून ऐकायचं नव्हतं. म्हणून आम्ही दोघं मिळून व्हॉल्व्हबद्दल बोलत होतो.

वांद्र्याला अली यावर जंग राष्ट्रीय संस्था आहे. १९८३ पासून वाचा आणि श्रवणाच्या अडचणींवर तिथे काम चालतं. तिथे त्यांच्या श्रवणाची तपासणी केली. आलेख पाहिल्यावर सगळं स्पष्ट झालं. खालचे स्वर ठीक. दोन हजार हर्ट्झच्या पुढे रेघ जिन्यासारखी खाली. वय वाढलं की आतल्या कानातल्या सूक्ष्म पेशी झिजतात आणि वरचे स्वर आधी जातात. तिथे आणखी एक गोष्ट समजली जी प्रत्येक घरात माहीत असायला हवी. अशा कानाला हळू आवाज ऐकू येत नाही, पण आवाज थोडा वाढला की तो एकदम नको इतका मोठा वाटतो. मधली जागा आक्रसलेली असते. म्हणूनच आजोबा आधी म्हणतात ‘मोठ्याने बोल’ आणि लगेच म्हणतात ‘ओरडू नकोस’. तो चिडखोरपणा नसतो. आणि म्हणूनच आमचे स्पीकर त्यांना टोचत होते.

त्यांना आता दोन्ही कानांना यंत्रं लावली आहेत. सवय व्हायला वेळ लागला. पहिले काही दिवस भांड्यांचा आवाज सहन होईना. हॉलमध्ये फरशी, उघड्या भिंती आणि काचेची सरकती खिडकी, त्यामुळे आवाज आदळून परत येत असे. खिडकीला जाड पडदा लावला, समोरच्या भिंतीवर आईने शिवलेली गोधडी टांगली. मोबाइलमधल्या इक्वलायझरवर तीन हजार हर्ट्झच्या आसपासचा भाग अण्णांच्या सांगण्याप्रमाणे थोडा खाली घेतला. या सगळ्याने जो फरक पडला तो ओळखायला नाणं उडवावं लागलं नाही. आता संध्याकाळी गाणी लागतात.

एक दिवस मी आवराआवर करताना बफर काढून ठेवायला घेतला. कामाचा तर नव्हताच. अण्णा म्हणाले, ‘‘राहू दे.’’ मला वाटलं, हाताने केलेली वस्तू म्हणून. तसं नव्हतं. गाणं सुरू होताना पहिले सूर हळू असतात, ते त्यांना यंत्र लावूनही ऐकू येत नाहीत. मग लागलं की नाही, या विचारात ते बसून राहायचे किंवा कुणाला तरी हाक मारायचे. आता ते हॉलचा दिवा मालवतात आणि व्हॉल्व्हकडे बघतात. तंतू तांबूस झाला की वाट बघतात.

डबीला मिळून चार-पाच वॅट लागतात. बिल मी भरतो.